सोमवार-गुरुवारची बाई

त्या दवाखान्यात केसपेपर माणसागणिक ठेवायची पद्धत होती. आजीचा पेपर एका कपाटात, सुनेचा दुसऱ्या, नातीचा तिसऱ्या. तिघी एकाच छपराखाली राहतात, हे कपाटांना कळायला काही मार्गच नव्हता. नव्या डॉक्टरबाई आल्या आणि त्यांनी पहिलं खूळ काढलं ते हेच, की एका घराचे सगळे पेपर एकाच दोरीने बांधायचे.

"बाई, अडीचशे घरं आहेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांची नोकरी तिथे बावीस वर्षं झाली होती आणि असे उत्साही डॉक्टर त्यांनी पाच-सहा तरी पाहिले होते. "दोरी तरी पुरेल का?"

"दोरी मी आणते. गाठी तुम्ही मारा."

हे खूळ म्हणजेच डॉक्टरबाईंचं संशोधन होतं. फॅमिली डॉक्टरने एकेकटा माणूस न तपासता अख्खं घर तपासलं तर वेगळं काही दिसतं का, एवढाच त्यांचा प्रश्न. दूरच्या शहरातल्या कॉलेजच्या समितीने त्याला परवानगी दिली होती आणि शुभेच्छा दिल्या होत्या. बाकी काही दिलं नव्हतं. दवाखान्यात रक्तदाबाचं एक यंत्र, बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारा एक चिमटा, ऑक्सिजनचा एक सिलिंडर आणि मागच्या खोलीत एका सूक्ष्मदर्शकापुढे वाकून बसलेले लॅबवाले काका. एवढ्यावर संसार चालला होता.

सतरा नंबरच्या घराचं पुडकं बांधताना सिस्टरांचा हात थांबला.

"हे जरा बघा हो."

तीन पेपर, तीन डॉक्टरांची तीन अक्षरं. आजी: डोकेदुखी, विसराळूपणा, भास, वयोमानाने. सून: डोकेदुखी, धडधड, सारखं रडू येणं, मनाचा आजार. नात, वय नऊ: दोनदा चक्कर येऊन पडली, फिट असावी काय? चौथा पेपर सुनेच्या नवऱ्याचा. तो बस ड्रायव्हर. त्याच्या पेपरवर आठ वर्षांत एकच ओळ होती: पायाला खिळा लागला.

डॉक्टरबाईंनी जुनं कॅलेंडर काढलं आणि प्रत्येक तारखेपुढे वार लिहीत गेल्या. सोमवार. गुरुवार. गुरुवार. सोमवार. या थंडीतल्या अकरा तारखा, तिघींच्या मिळून, आणि तिसरा वार औषधालाही नाही.

"आजाराला कधी वार असतो का, सिस्टर?"

"असतो की. माझ्या सासूबाईंना मी माहेरी जायचं म्हटलं की त्याच वारी यायचा." सिस्टर हसल्या, पण त्यांनी पुन्हा एकदा ते वार वाचले आणि मग त्या हसल्या नाहीत.

बुधवारी डॉक्टरबाई त्या घरी गेल्या. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली घरं. थंडीचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या खिडक्या बंद. सतरा नंबरात बाहेरची एक खोली, मागे स्वयंपाकघर. आजी गादीवर बसून मटार सोलत होत्या. विसराळू म्हणून लिहिलेल्या या बाईने डॉक्टरांना आधी नाव विचारलं, मग लग्नाचं, मग पगाराचं, आणि उत्तरं बिनचूक लक्षात ठेवली.

"आजी, तुम्हाला भास होतात म्हणे."

"भास नाही गं पोरी. बाई येते." आजींनी एक शेंग फोडली. "सोमवारी आणि गुरुवारी. दुपारची. तिथे बसते, त्या आतल्या भिंतीशी."

"आई, पुरे," सून पटकन म्हणाली. तिचा चेहरा ओशाळला होता. "डॉक्टर, त्यांचं मनावर घेऊ नका. वय झालंय."

तेवढ्यात कोपऱ्यात अभ्यास करणारी नात, चिमी, मान वर न करताच म्हणाली, "पाठ करून बसते ती आमच्याकडे. भिंतीकडे तोंड."

डॉक्टरबाईंनी तिघींना एकेक करून स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं. आजींनी सगळं सांगितलं. चिमीने सांगितलं, वर "ती काही करत नाही" असंही सांगितलं, जणू डॉक्टरबाईच घाबरल्यात. सून बराच वेळ ओट्यावरचं फडकं पिळत उभी राहिली.

"मला वाटलं, फक्त मलाच," ती शेवटी म्हणाली. "यांना कसं सांगू? आधीच म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. पहिल्यांदा नुसती पाठ दिसायची. आता..."

"आता काय?"

"आता ती थोडी वळलीय."

आजींनीही तेच सांगितलं होतं, फक्त आणखी बारकाईने. महिन्यापूर्वी नुसता अंबाडा दिसायचा. मग कान दिसायला लागला. गेल्या सोमवारी गाल दिसला. "लालबुंद गाल गं, सफरचंदासारखा. एवढी तब्येतीची बाई, आणि बसते कशी बघ, मरगळून."

डॉक्टरबाईंनी सगळ्यांच्या बोटांना चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, नव्व्याण्णव. ठणठणीत.

निघताना दारात ड्रायव्हर भेटला. पाळी संपवून आला होता, डोळे तारवटलेले.

"डॉक्टर, मी दिवसा घरात असतो तो रविवारी. मला तिथे मुंगीसुद्धा दिसली नाही. शेजारचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी बस चालवतो. मला समोरचं दिसलं तरी पुरे." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरी होईल ना माझी बायको? रात्री झोपेत माझा हात घट्ट धरून ठेवते."

डॉक्टरबाईंनी चपला घातल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि खरं काय ते माहीत नव्हतं.

दवाखान्यात परतल्या तर सिस्टर माळ्यावरून उतरत होत्या, केसांत जळमटं. त्यांनी एक गोणपाट ओढत आणलं होतं.

"तुम्ही घराचं घराचं करता ना, म्हणून माझ्या डोक्यात आलं. घर तेच, पण माणसं बदलतात. ह्यांच्या आधी सतरा नंबरात कोण राहत होतं?"

गोणपाटात जुने, कुरतडलेले पेपर होते. दोन तास दोघी जमिनीवर बसून पत्ते वाचत राहिल्या. सतरा नंबरचे चार पेपर सापडले. एक तरुण जोडपं, नऊ वर्षांपूर्वीचं. काही विशेष नाही, खोकला आणि बाळंतपण. आणि त्याही आधीच्या दोन बहिणी, कपडे शिवणाऱ्या. धाकटीच्या पेपरावर लिहिलं होतं: डोकेदुखी, मळमळ, घाबरट स्वभाव. थोरलीचा पेपर जाड होता. पाच वेळा डोकेदुखी. दोनदा चक्कर. आणि मग एक ओळ, एका म्हाताऱ्या, थरथरत्या अक्षरात: "रुग्णेस घरात कोणी बसल्याचा भास. विश्रांती सांगितली."

त्याखाली, तीन आठवड्यांनी, दुसरी ओळ होती: "घरी मृत. वय एकतीस. हृदयक्रिया बंद. चेहऱ्याचा रंग उत्तम."

"कुठला वार?" सिस्टरांनी विचारलं.

डॉक्टरबाईंनी अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर मांडून पाहिलं. गुरुवार.

दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता.

डॉक्टरबाई अकरा वाजता सतरा नंबरात गेल्या आणि आजींना म्हणाल्या, मी आज इथेच बसणार. फॉर्म भरायचेत. सुनेने चहा केला. खोली उबदार होती. बाहेर नाक गोठवणारी थंडी असताना इतकी ऊब, म्हणून त्यांना बरंच वाटलं. भिंतीपलीकडून कसलीशी घरघर येत होती, पंप असावा तशी. बारा वाजता चिमी शाळेतून आली, जेवली आणि आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. आजी आज मटार सोलताना शेंगा भांड्यात आणि दाणे जमिनीवर टाकत होत्या. कालच्या हुशार बाईने आज तीनदा विचारलं, "तू कोण गं?"

एकच्या सुमाराला डॉक्टरबाईंचं कपाळ ठणकायला लागलं. रात्रीचं जागरण, त्यांनी मनाशी म्हटलं. फॉर्मवरच्या ओळी जरा हलत होत्या. त्यांनी एक ओळ तीनदा वाचली आणि ती काय विचारते हे त्यांना कळेना. सून ओट्याशी उभी होती, हातातली पळी तशीच धरून, किती वेळ कोण जाणे. कुणाला काही घाई नव्हती. घरघर चालू होती.

"आली," आजी म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी मान वर केली.

आतल्या भिंतीशी एक बाई बसली होती.

पाठ इकडे. पातळ खांदे, ढिला अंबाडा, मानेवर सुटलेली एक बट. डॉक्टरबाई ओरडल्या नाहीत. त्यांना भीतीही वाटली नाही आणि ते सगळ्यात वाईट होतं, असं त्या पुढे सांगायच्या. समोर माणूस बसलंय, मग डॉक्टर जे करतो तेच त्यांनी केलं: तिचे श्वास मोजले. पाठ वर, पाठ खाली. एक, दोन, तीन. चौदापर्यंत मोजले आणि पंधरावा आलाच नाही.

मग ती वळायला लागली. सावकाश, ओझं असल्यासारखी. कानाची पाळी दिसली. जबड्याची कड. मग गाल.

गाल लाल होता. उन्हात खेळून आलेल्या पोराचा असतो तसा, ताजा, रसरशीत.

तो रंग डॉक्टरबाईंनी एकदाच पाहिला होता, शिकत असताना, शवागारात. एक पहारेकरी, त्याची बायको, तान्हं मूल. थंडीत शेगडी पेटवून, दार लावून निजलेली. तिघांचे गाल असेच गुलाबी. तेव्हा त्यांचे सर म्हणाले होते, "सगळ्यात निरोगी कोण दिसतं? कोळशाच्या वायूने मेलेला माणूस. वास नाही, रंग नाही, धूर नाही. नुसती गुंगी."

नुसती गुंगी.

त्या उठायला गेल्या आणि पाय उठले नाहीत. त्या रांगत दाराकडे गेल्या. चार पावलांचं अंतर, पण एखादं मैदान ओलांडावं तसं लागलं. कडी वर होती. कडीला धरून त्या उभ्या राहिल्या आणि दार उघडलं. थंड हवा तोंडावर थपडेसारखी बसली.

"बाहेर! सगळ्या बाहेर!" त्यांना वाटलं आपण किंचाळतोय, पण सून नंतर म्हणाली, तुम्ही कुजबुजत होतात. त्यांनी चिमीला काखेत धरून फरफटत उंबऱ्याबाहेर काढलं, मग सुनेला दंडाला धरून. आजी सगळ्यांत शेवटी निघाल्या, मागे वळून वळून बघत. "अगं, एकटी राहील ती," त्या म्हणत होत्या.

बोळात शेजारी जमले. डॉक्टरबाई गटाराशी ओकल्या. मग त्यांनी उघड्या दारातून आत पाहिलं. गादी, शेंगा, सांडलेले दाणे, रिकामी भिंत. चेहरा आपल्याला पूर्ण दिसला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्याबद्दल त्यांना हायसं वाटलं.

दवाखान्यात सिलिंडर एकच. तो आधी चिमीला लावला. मग आजी, मग सून. डॉक्टरबाई आपल्या पाळीची वाट न पाहता काकांच्या खोलीत शिरल्या आणि बाही वर केली.

"काका, माझं रक्त घ्या. आत्ताच्या आत्ता. कोळशाचा वायू चढलाय."

"बाई, त्याचं यंत्र आपल्याकडे कुठलं? शहरात पाठवलं तर चार दिवस लागतील, आणि तोवर नळीत पुरावा राहिला तर राहिला." काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "थांबा. आमच्या मास्तरांनी एक जुनी परीक्षा शिकवली होती. चाळीस वर्षं झाली. कधी कामाला आली नाही."

त्यांनी दोन काचनळ्या घेतल्या. एकीत पाणी आणि स्वतःच्या बोटाचे काही थेंब. दुसरीत पाणी आणि डॉक्टरबाईंचे. मग दोन्हींत कॉस्टिक सोड्याच्या द्रावाचे दोन-दोन थेंब सोडून नळ्या उजेडाला धरल्या.

काकांचं रक्त बघता बघता मळकट तपकिरी झालं. डॉक्टरबाईंचं झालं नाही. ते गुलाबी राहिलं.

मग काकांनी सुनेच्या रक्ताची नळी केली, आजींची, चिमीची. सगळ्या गुलाबी.

"आणि आपला चिमटा अठ्ठ्याण्णव दाखवतोय," सिस्टर पुटपुटल्या.

"चिमट्याला रक्त लाल आहे एवढंच कळतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कशाने लाल आहे ते त्याला कळत नाही."

भिंतीपलीकडे लाँड्री होती. तिचं दार मागच्या रस्त्यावर, म्हणून बोळातल्या कुणाला ती आपली शेजारीण वाटतच नव्हती. लाँड्रीवाला धिप्पाड, बोलघेवडा माणूस. सोमवारी आणि गुरुवारी तो कोळशाचा मोठा बॉयलर पेटवायचा, कारण त्या दोन दिवशी मोठ्या इस्पितळाच्या चादरी यायच्या.

"डॉक्टर, माझा धूर वर जातो, आकाशात. तुमच्या पेशंटच्या घरात धूर दिसला का? वास आला का?"

"नाही."

"मग? उगाच साप म्हणून भुई धोपटायची?"

डॉक्टरबाईंनी खिशातून दोन नळ्या काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या. कुठली कुणाची ते सांगितलं. मग म्हणाल्या, "हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमचा बॉयलरवरचा माणूस बोलवा. तिसरी नळी इथेच करू."

लाँड्रीवाल्याने बॉयलरवाल्याकडे पाहिलं. तो दाराशी उभा होता, डोक्याला फडकं घट्ट बांधून. "मालक," तो म्हणाला, "माझंही डोकं दुखतं. सोमवारी आणि गुरुवारी. मला वाटायचं, कामाचा कंटाळा."

बॉयलर त्याच संध्याकाळी विझला. शनिवारी गवंड्याने भिंत फोडली. धुराडं भिंतीच्या आतून वर गेलं होतं. मधल्या विटा ढासळून त्याचं तोंड अर्धं बुजलं होतं आणि सतरा नंबरच्या बाजूला हाताचा पंजा जाईल एवढी भेग होती. गवंडी म्हणाला, इथे पूर्वी कुणीतरी लिंपून घेतलंय, दहा-अकरा वर्षं झाली असतील; ते लिंपण आता सुटलंय. कुणी लिंपलं, कशासाठी, हे लाँड्रीवाल्याला माहीत नव्हतं. त्याच्या वडिलांच्या काळातलं काम. नवं धुराडं त्याने भिंतीपासून चार हात लांब, उघड्यावर उभारलं.

चिमी पुन्हा कधी पडली नाही. सुनेच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या हळूहळू बंद झाल्या. ड्रायव्हर एक दिवस दवाखान्यात येऊन नुसताच बाकावर बसला, आणि "काही नाही, सहज," म्हणून निघून गेला. आजींची स्मरणशक्ती बरीचशी परत आली, सगळी नाही. अधूनमधून त्या आतल्या भिंतीकडे बघत आणि विचारत, "गेली का गं ती? बोलायचं होतं तिला काहीतरी."

समितीचं पत्र दोन महिन्यांनी आलं. अभ्यास रोचक आहे. मात्र एका घरातले तीन रुग्ण हा नमुना अपुरा आहे. आणि भासांची वर्णनं शास्त्रीय लेखात शोभत नाहीत, ती वगळावीत. डॉक्टरबाईंनी वगळली. लेखात विषबाधा राहिली, भिंत राहिली, वारांचा तक्ता राहिला. बाई गेली. पण सतरा नंबरच्या पुडक्यात त्यांनी एक कागद स्वतंत्र ठेवला. त्यावर लिहिलं: चौघींनी एकच बाई, एकाच जागी, एकाच रंगाची पाहिली. गुंगीत माणसाला काहीही दिसतं. एकच का दिसावं, ते मला माहीत नाही. आजींनी असा मृतदेह कधी पाहिलेला नाही, हे मी विचारून घेतलं आहे.

मग डॉक्टरबाई त्या कपडे शिवणाऱ्या बहिणींतल्या धाकटीच्या शोधाला लागल्या. सिस्टरांनी आठवडाभरात पत्ता काढला. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानाच्या मागच्या खोलीत ती कॉलर शिवत बसायची. चाळिशीची बाई, केस अकाली पांढरे. दवाखान्यातून आलेय म्हटल्यावर तिने मशीन थांबवलं, पण पॅडलवरचा पाय काढला नाही.

डॉक्टरबाईंनी सगळं सांगितलं. बॉयलर, भेग, वायू. बाईबद्दल काही सांगितलं नाही.

"म्हणजे तिचं हृदय कमजोर नव्हतं?"

"नव्हतं."

"आणि मी तिला एकटीला टाकून कापड आणायला गेले, म्हणून नाही?"

"तुम्ही घरात असतात तर दोघी गेला असतात."

तिने हातातल्या कॉलरची शिवण नखाने दाबली. "थंडी फार वाजायची तिला," ती म्हणाली. "ती एक भिंत तेवढी उबदार. दोन्ही हात भिंतीला टेकवून, माझ्याकडे पाठ करून बसायची ती. मी चिडायचे. म्हणायचे, अगं, जरा इकडे तोंड करून बोल ना माझ्याशी."

डॉक्टरबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"मग वळायची का?" त्यांनी विचारलं.

"नाही. म्हणायची, वळते गं थोड्या वेळाने."

बाहेर दुकानात कुणीतरी शर्टाचा भाव करत होतं. धाकटीने डोळे पुसले नाहीत, कारण त्यांत पाणी नव्हतंच. अकरा वर्षांत ते कधीचं आटलं असावं. तिने फक्त विचारलं, "आता तिच्या कागदावर काय लिहिलंय?"

डॉक्टरबाईंनी थोरलीचा जाड पेपर काढला. जुन्या ओळीवर त्यांनी काट मारली नव्हती. खाली नवी ओळ लिहून आपली सही केली होती. ती त्यांनी वाचून दाखवली: मृत्यूचं कारण, भिंतीतील धुराड्यातून आलेला विषारी वायू. रुग्णेने पाच वेळा तक्रार केली होती. ती तक्रार खरी होती.

"शेवटचं पुन्हा वाचा," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पुन्हा वाचलं.